गुरुवारी दुपारी क्लिनिक बंद असतं

टोकियोतल्या निशी-कसाईत चार मराठी घरं जेवायला जमली की मसालेभातापर्यंत सगळं ठीक चालतं. ताकाची वेळ येईतो कुणीतरी दवाखान्याचा विषय काढतंच, आणि एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा तयार असतो. हसतो आम्ही. न हसून करणार काय?

आता संदीपचंच बघा. रविवारी सायकलवरून पडला, मनगट टम्म सुजलं. क्लिनिकं बंद, म्हणून टॅक्सी करून थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेला. तिथे फार नम्रपणे सांगितलं, आज हाडांचे डॉक्टर नाहीत, उद्या घराजवळच्या क्लिनिकमध्ये दाखवा आणि त्यांची चिठ्ठी घेऊन या. वर कमरेत वाकलेही. संदीप म्हणतो, "हात धड असता तर मी कोपरापासून नमस्कार केला असता!"

स्मिताने उलटं केलं. मुलाला तापात झटका आला, तिने सरळ ११९ लावला. अँब्युलन्स लगेच दारात. पण हलेना! आतली माणसं एकेका हॉस्पिटलला फोन करून विचारत होती, पेशंट घेता का. कुणाकडे बेड नाही, कुणाकडे मुलांचा डॉक्टर नाही. एकाने हो म्हटलं तोवर पोरगं शुद्धीवर येऊन जपानीत विचारत होतं, गाडी कधी सुटणार? स्मिता हे रंगवून सांगते, आणि सांगून झालं की स्वयंपाकघरात निघून जाते.

यावर आमच्यातल्या महेशचं प्रवचन ठरलेलं. जपानी फाडफाड, नियम तोंडपाठ. "अँब्युलन्स फुकट आहे म्हणून टॅक्सीसारखी बोलवायची नसते. आधी क्लिनिक." ग्रुपवर कुणी नुसतं 'पोट दुखतंय' लिहिलं तरी याचा मेसेज हजर.

तर याच महेशचे बाबा पुण्याहून आले होते. एका गुरुवारी सकाळी चहा घेताना त्यांच्या छातीत दुखायला लागलं. महेशची ऑनलाइन मीटिंग चालू होती. क्लायंट जपानी, मध्येच कसं उठणार? ॲसिडिटी असेल म्हणून त्याने जिऱ्याचं पाणी दिलं. मीटिंग संपली तेव्हा क्लिनिकची सकाळची वेळही संपली होती. मग तीन वाजायची वाट बघितली. तीनला बापलेक चालत गेले, तर दारावर पाटी: गुरुवारी दुपारी बंद. नियम तोंडपाठ असलेल्या माणसाला एवढं माहीत नव्हतं.

मी त्याच रस्त्याने येत होते. काका पायरीवर बसलेले, शर्ट घामाने भिजलेला, आणि महेश उभ्याउभ्या मोबाइलवर दुसरं क्लिनिक शोधतोय. माझं डोकंच फिरलं. मीच ११९ लावला. अँब्युलन्समध्ये काका माझा हात धरून म्हणाले, सकाळच्या चहापासून दुखतंय हो.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी महेशला विचारलं, कधीपासून दुखतंय? महेश म्हणाला, "अर्धा तास झाला असेल."

मी मागून जपानीतच म्हटलं, "खोटं आहे. सकाळपासून दुखतंय."

डॉक्टर काकांना तडक आत घेऊन गेले.

काका वाचले. महेशने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू दे. पण परवा काकांचा पुण्याहून फोन आला. तब्येत छान आहे म्हणाले, आभार मानले, माझ्या मुलांची चौकशी केली. मग म्हणाले, "महेशने सांगितलं मला. तुमचं खरं होतं हो. पण माझ्या पोराला तुम्ही चारचौघांत खोटं पाडायला नको होतं."