नळीच्या तोंडाला अत्तर

सरदारभाई नांदेडच्या एका कॉलेजात गच्चीवरचं यंत्र राखतात. मी तिथल्याच ऑफिसातून निवृत्त झालो. सकाळी फिरून येताना त्यांच्याकडे चहा घेतो. मला नीट सांगता येईलच असं नाही, तरी लिहावंसं वाटलं.

हे यंत्र एका नळीतून हवा ओढतं आणि तिच्यातले बारीक कण मोजतं. ते चालवते विशाखा, नायगावची संशोधक मुलगी. तिनेच आम्हा दोघांना समजावलं होतं, की हवेत झाडांची, धुराड्यांची न दिसणारी वाफ असते. उन्हात ती बदलते, तिचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि नवा कण तयार होतो. आधीच धूळ फार असली तर वाफ धुळीवरच बसते. हेच कण वाढले की त्यांच्यावर ढगाचे थेंब धरतात.

शुक्रवारी दुपारी असे नवे कण कितीतरी जास्त दिसत. कारण सापडत नव्हतं, पण विशाखा खुशीत होती. तिचा पहिला लेख त्यावरच उभा होता. एकदा चहा पिताना सरदारभाईंनी विचारलं, वाफ म्हणजे नेमकं काय. ती हसून म्हणाली, वास येतो ना, तीच. तुमच्या अत्तराचीसुद्धा.

सरदारभाईंनी कप खाली ठेवला.

शुक्रवारी दुपारी जुम्याच्या नमाजला निघताना ते खसाचं अत्तर लावतात. ज्या वस्तूवर रोजी चालते तिलाही बरकतीसाठी एक बोट लावायचं, ही त्यांच्या वडिलांची रीत. ते शिलाई मशीनला लावत. सरदारभाई नळीच्या तोंडाला लावत होते. नोकरी कंत्राटी. बोललं तर जाईल, हे त्यांना कळत होतं.

"मॅडम, तुमचा शुक्रवार मीच करून राहिलो," ते म्हणाले आणि सगळं सांगितलं.

विशाखाने नळी बदलली. पुढच्या शुक्रवारी अत्तर लागलं नाही. कण झाले, पण इतर दिवसांइतकेच. तिने शुक्रवारच्या साऱ्या नोंदी काढून टाकल्या. लेख लांबणीवर पडला.

तिचे सर चिडले. माणूस बदला म्हणाले. विशाखा त्यांच्यापुढे सहसा तोंड उघडत नाही.

"सर, नवा माणूसही काहीतरी करंलच," ती म्हणाली. "तो येऊन सांगंल का?"

सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. सरदारभाई राहिले. आता जुम्याला ते गच्ची उतरून, फाटकाबाहेर गेल्यावरच अत्तर लावतात.