अवसेचं बसणं

शेपामावशी कुणाची नाडी बघत नसे. ती टाचा बघायची. दारात आलेली बाई तोंड उघडायच्या आत मावशी म्हणे, "आधी पाय पुढं कर गो." मग टाचांच्या भेगा, नखांचा रंग, घोट्यावरची सूज असं सगळं निरखून झालं की मगच ती वर तोंडाकडे बघायची. रेवदंड्याच्या आमच्या आळीत बायकांच्या अडचणीच्या दुखण्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नसे, पुरुषांसमोर तर नाहीच नाही. त्यामुळे ही तपासणी फार सोयीची होती. कुणी पाहिलंच, तर त्याला वाटावं की बाईच्या पायात काटा मोडलाय.

तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. तिच्या चुलीवर सदा बाळंतशेपा भाजत असायच्या आणि तिच्या पदराला त्यांचा वास येई, म्हणून ती शेपामावशी. उंच, काटकुळी, दात मिश्रीने काळे झालेले. नवरा फार लवकर गेला, तेव्हापासून भावाच्या वाडीत कडेला एक खोपटं बांधून राहायची. खोपट्याच्या कुंपणाला कोरफड, दाराशी जास्वंद, आत दोन-चार मडक्यांत तीळ, ओवा, मेथी आणि गूळ, एवढाच तिचा दवाखाना. मुंबईच्या बोटीने कुणी आळीव आणून दिले तर ती चैन. कुणी औषधाचं फार कौतुक करायला लागलं की ती वैतागायची. "तुमच्याच फडताळात हाय सगळं. तुम्ही फडताळ दुसऱ्यांसाठी उघडता, एवढंच," असं म्हणायची.

पाळी चुकली म्हणून आलेल्या बाईला ती लगेच काढा देत नसे, ही तिची दुसरी खोड. एकदा एक सासू सुनेला हाताला धरून घेऊन आली. दोन महिने झाले, सून बाहेर बसली नाही, तिळाचा कडक काढा दे, असं तिचं म्हणणं. मावशीने सुनेला मळमळतं का, आंबट खावंसं वाटतं का, असं सगळं हळूहळू विचारलं आणि सासूला म्हणाली, "चुकली हाय का दिवस गेलेत, ते आधी कळू दे. तवर गूळपाणी पाज आणि घागरी उचलायला लावू नको." सासू रागाने गेली. पुढे त्या सुनेला मुलगा झाला, त्याच्या बारशाचे पेढे मात्र मावशीकडे आले नाहीत. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. पेढे तिला तसेही आवडत नसत.

आपल्या हाताबाहेरचं काय, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एका खालाच्या लेकीचं अंगावरून जाणं थांबेना, तेव्हा मावशीने काही उकळत न बसता खालालाच दटावलं, "हे तिळागुळाचं काम न्हाय. बैलगाडी जुंप आणि आताच्या आता अलिबागच्या डाक्टरकडं ने." लेक वाचली. खालाचे यजमान बसऱ्याला जाणाऱ्या जहाजावर होते, ते परतले की दर खेपेला मावशीसाठी खजूर आणायचे. तो खजूर आळीतल्या फिकट पोरींच्या तोंडात जाई. मावशी स्वतः त्यातला एकही खात नसे.

मी तिच्याकडे गेले तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती. एकोणीसशे तीसच्या आधीची गोष्ट. मी सोळा-सतरा वर्षांची असेन. आमच्या घरी नारळ-सुपारीची वाडी आणि पानवेलींचा मळा, म्हणजे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम. बायका सगळ्यांच्या मागून जेवायच्या आणि मी त्या बायकांच्याही मागून. माझी पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी चारांनी यायची. घरात सत्ता होती ती सासऱ्यांच्या विधवा बहिणीची. तिला सगळे आत्याबाई म्हणत. आत्याबाई सोवळ्या-ओवळ्याला फार कडक आणि जिभेला त्याहून. "हिला धड बाहेर बसताही येत नाही, हिला पोर कुठून होणार," असं त्या पाहुण्यांसमोर म्हणायच्या. पुढे नागावच्या एका मुलीचं नाव घरात ऐकू यायला लागलं. आमचे हे मान खाली घालून जेवायचे, पण नाही असं काही म्हणायचे नाहीत. आपल्यावर सवत येणार, हे मला दिसत होतं.

सासूबाईंनी मला मावशीकडे पाठवलं ते नारळाची झाप पोचवायच्या निमित्ताने. त्या मला कधी प्रेमाने बोलल्याचं आठवत नाही. मावशीने माझ्या टाचा पाहिल्या, मग तळहात पाहिले आणि विचारलं, "शेवटचं गरम जेवण कधी जेवलीस?" मला आठवेना. तिने तीळ भरडून गुळाबरोबर उकळून दिले, सकाळी शेपा चावायला सांगितल्या आणि मग म्हणाली, "आता खरं औषध ऐक. दर अवसेला बाहेर बसायचं. आलं तरी बसायचं, न्हाय आलं तरी बसायचं."

मी घाबरले. विटाळ नसताना विटाळ सांगायचा म्हणजे केवढं पाप. "देवाला काय सांगू मावशी?" मी विचारलं. मावशी शेपा परतत म्हणाली, "देवाला ठावं हाय गो बाय. आत्याबाईला ठावं नको, एवढं बघ. कापडं धुऊन कुंपणावर वाळत घाल. ती तिथंच बघते."

आमच्याकडे बाहेर बसलेल्या बाईला स्वयंपाकघरात जायचं नाही हे तर होतंच, पण पानवेलींच्या जवळही फिरकायचं नसे. विटाळाची सावली पडली तर वेल सुकतो अशी सगळ्यांची खात्री. म्हणजे घरातलंही काम नाही आणि मळ्यातलंही नाही. मागच्या पडवीत घोंगडीवर पडून राहायचं. त्या दिवसांत मी जी झोप काढली ती माहेरीही कधी काढली नव्हती. बाहेर बसलेलीला आधी वाढावं लागे, कारण तिचं झालं की हातपाय धुऊन मग सासूबाई आत जाणार. त्या पायरीवर ताट ठेवून मोठ्याने म्हणायच्या, "बसली पुन्हा महाराणी. आयतं गिळायला बरं." आतून आत्याबाई त्यावर आणखी दोन शब्द घालायच्या. ताटात मात्र वाफाळता भात असे, वर तुपाची धार, सुकटीची चटणी आणि एखादी खजुराची बी काढलेली फोड. मी ते खाली मान घालून खात असे आणि सासूबाईंच्या शब्दांनी रडत असे.

आत्याबाई कुंपणाकडे बघायच्या. कापडं दर महिन्याला दिसत होती, तेव्हा धड बसत नाही असं म्हणायची सोय त्यांना उरली नाही. नागावचं नाव मागे पडलं. आणि एका वर्षाच्या आतच, अवसेच्या आदल्या दिवशी मळ्यात काम करताना, मला खरोखरच बाहेर बसावं लागलं. पुढच्या महिन्यात पुन्हा. मी पळत जाऊन मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. आता खोटं बोलायचं तुजं काम संपलं." दीड वर्षाने मला मुलगी झाली. त्या बाळंतपणात सगळा काढा मावशीच्या हातचा.

पुढे आत्याबाई गेल्या. मावशीच्या डोळ्यांत मोती पडला, तेव्हा तिचा भाचा तिला मुंबईला न्यायला आला. मी बंदरावर पोचवायला गेले. बोटीला वेळ होता. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "मावशी, तुम्ही ती युक्ती काढली नसती तर आज माझ्या घरात दुसरी असती."

"माजी कसली युक्ती," मावशी म्हणाली. "तुजी सासू आली होती माज्याकडं, तू यायच्या आदल्या दिवशी. म्हणाली, पोर सुकत चाललीय, माजं घरात चालत न्हाय. तिला विसावा मिळंल असं कायतरी कर. अवसेचं तिनंच सुचवलं. खजूर बी मागून न्यायची."

मी विचारलं, "मग त्या मला एवढ्या बोलायच्या का?"

"न बोलती तर आत्याबाईला वास लागला असता. मला शपथ घातली होती तिनं. आता आत्याबाई न्हाईत, मी चालले. शपथ कुणासाठी ठेवू?"

बोट लागली. भाच्याने तिला हाताला धरून फळीवरून चढवलं. तिने मागे वळून पाहिलं, पण मी कुठे उभी आहे हे तिला दिसलं नसावं. मुंबईहून ती परत आली नाही. पावसाळ्यानंतर ती गेल्याचा निरोप आला. त्या दिवशी आळीतल्या किती बायका पदराने डोळे पुसत विहिरीवर आल्या होत्या. का रडता, हे एकीनेही दुसरीला विचारलं नाही.

मावशीला बोटीत बसवून बंदरावरून मी घरी आले तेव्हा सासूबाई पडवीत सुपाऱ्या सोलत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, "गेली का?"

"गेली."

"काही बोलली?"

इतकी वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं. ते त्यांच्याकडून काढून घ्यायचा मला धीर झाला नाही. "नाही," मी म्हटलं.

त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. मग सुपाऱ्यांचं सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि चुलीकडे जाता जाता म्हणाल्या, "तू बस. चहा मी टाकते."