पाठमोरी वहिनी

आमच्या वहिनीला कुठल्याही सिनेमाची गोष्ट सांगता येत नसे. आम्ही सिनेमा पाहून आलो की शेजारच्या बाया विचारायच्या, "काय होतं व?" आणि वहिनी गडबडून माझ्याकडे बघायची. गुंड कोण होता, आंधळ्या आईला दिसायला कधी लागलं, शेवटी वाडा कोणाला मिळाला, यातलं तिला काही म्हणता काही ठाऊक नसायचं. तिच्या लेखी सिनेमात माणसं दोनच. तो आणि ती. त्या काळी एक जोडी फार गाजत होती, लागोपाठ कितीतरी सिनेमे त्यांनी सोबत केले होते. त्यांची नावं मी लिहीत नाही, कारण वहिनीनं ती कधी घेतली नाहीत. ती नुसतं 'ते दोघं' म्हणायची. ते दोघं आले का पुलगावात? ते दोघं या खेपेस भांडतात का? जणू माहेरच्या आर्वीहून तिचे कोणी नातेवाईक यायचे होते.

नायक गाणं म्हणत म्हणत नायिकेच्या डोळ्यांत बघतो, त्याला वहिनीच्या दरबारात किंमत नव्हती. "ते तर सांगतलं म्हणून पाह्यते तो," ती म्हणायची. "ती पाठ फिरवते ना, बाई, तवा त्याच्याकडं पाह्यजो. तिले मालूम नाई, अन् हा पाहून राह्यला. ते खरं." तिनं सांगितल्यावर मी तसं बघू लागले. दुसऱ्या जोड्यांत नायिकेनं पाठ फिरवली की नायक मोकळा व्हायचा. कोणी टाय सारखा करी, कोणी पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राही. पण ती जोडी निराळी होती. ती वळली की याच्या तोंडावरचं हसू उतरायचं आणि उपाशी माणूस भाकरीकडे बघतो तसा तो तिच्या मानेकडे बघत राहायचा. माझ्यासारखी मास्तरीणही हातातले शेंगदाणे विसरायची. वहिनी तर बायकांच्या जागेपुढच्या कठड्याची फळी घट्ट धरून बसायची.

हे वेड तिला का लागलं, ते सांगायचं तर भाऊंबद्दल सांगायला हवं. भाऊ म्हणजे माझे थोरले भाऊ, वहिनीचे यजमान. आईवडील गेल्यावर मी त्यांच्याच घरी राहत होते आणि पुलगावच्या शाळेत शिकवत होते. भाऊही आधी शिक्षकच होते. मग त्यांनी नोकरी सोडली, खादी धरली आणि गावोगाव पायी हिंडून लोकांना जमिनी दान करायला सांगण्याचं काम अंगावर घेतलं. आमच्या वर्धा जिल्ह्यात तेव्हा कापसापेक्षा व्रतांचं पीक जोरात होतं. कोणी मीठ सोडलेलं, कोणी चहा, कोणी वहाणा. घरच्या बाईनं प्रत्येक व्रताला हात जोडायचे आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकात तेवढा फरक करायचा, अशी रीत पडून गेली होती.

एका संध्याकाळी आश्रमातल्या प्रार्थनेनंतर भाऊ उभे राहिले आणि आजपासून आपण ब्रह्मचर्याचं व्रत घेत आहोत, सेवेसाठी आयुष्य मोकळं करत आहोत, असं शांतपणे म्हणाले. वहिनी मागच्या अंगाला कार्यकर्त्यांसाठी कढी ढवळत होती. एका वृद्ध कार्यकर्त्यांनी, आम्ही त्यांना काका म्हणायचो, स्पष्ट विचारलं, "पत्नीची संमती घेतलीस ना?" भाऊंनी मागं वळून पाहिलं, तशा सगळ्या माना वळल्या. वहिनीला वाटलं, भाऊंनी गूळ सोडला. तिनं पळी खाली ठेवली आणि नेहमीसारखे हात जोडले. लोकांनी तिच्या त्यागाचं फार कौतुक केलं. घरी येताना वाटेत मी तिला व्रत काय आहे ते सांगितलं. ती चालता चालता थांबली. मग म्हणाली, "मले कोणी विचारलं व?" आणि घराच्या पायरीशी आल्यावर स्वतःच उत्तर दिलं, "विचारलं तर होतं. म्याच हात जोडले." तेव्हा ती बाविशीचीही नव्हती.

त्या दिवसापासून भाऊंनी तिच्याकडे बघणं सोडलं. व्रतस्थानं नजर जमिनीवर ठेवावी, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि वाचलं ते आचरायचं हा त्यांचा स्वभाव. भाऊ वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. वाईट असते तर वहिनीनं भांडून भांडून गल्ली गोळा केली असती आणि निम्म्या बाया तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या असत्या. पण तिला ताप आला तर ते रात्रभर उशाशी बसत, विहिरीचं पाणी स्वतः ओढत, तिचं लुगडं वाळत घालत. फक्त बघत नसत. "म्या मेली तरी खांदा देतीन," वहिनी एकदा म्हणाली, "पण माह्यं तोंड पाह्याचं राहूनच जाईन त्याइचं."

मग तिनं पडद्यावरची विद्या घरात आणली. भाऊ जेवायला बसले की ती वाढायची आणि पाठ करून सावकाश, फार सावकाश चुलीकडे जायची. मानेवरचा पदर जरा खाली सरकवलेला असे. समोरच्या पाटावर मी, तिची साक्षीदार. जेवणं आटोपली की भांडी घासता घासता ती हळूच विचारायची, "पाह्यलं काय?" त्या घरात खोटं न बोलण्याचंही एक व्रत होतं, आणि ते मलाही लागू होतं. मी म्हणायचे, "नाई वहिनी. ताटात पाहत होते." ती मान हलवायची आणि म्हणायची, "उद्या पाहू." हे रोजचं झालं. एकेकदा मला भाऊंच्या डोक्यात वरणाची पळी घालावीशी वाटे.

सिनेमाला आम्ही भाऊ पदयात्रेवर असले की जायचो, दुपारच्या खेळाला. वहिनीनं ते लपवलं नाही. भाऊ नुसतं म्हणाले, "तुझी इच्छा. माझं बंधन नाही." ते रागावले असते तरी तिला बरं वाटलं असतं. आमच्या टॉकीजात बायकांची बसायची जागा वेगळी, मध्ये छातीएवढा लाकडी कठडा आणि त्यावर पडदा. दिवे गेले की पडदा सरकवायचा, दिवे लागायच्या आत पुन्हा ओढायचा. पांढऱ्या खादीतली वहिनी आत शिरली की गिरणीतल्या बाया खोकायच्या, "सरका व, आश्रम आला!" वहिनी हसायची आणि त्यांच्याच मध्ये जागा करून घ्यायची.

मी एकदा चिडून तिला म्हटलं, "पैसे घेऊन करतात ते, वहिनी. सगळं नाटक असते."

"नाटक तर नाटक," ती म्हणाली. "आपल्या घरी नाटक तरी कुठं हाय?"

पुढं माझ्या शाळेतल्या एका बाईंकडे सिनेमाचं मासिक आलं. त्यात छापलं होतं की त्या दोघांचं बिनसलंय, बोलणंसुद्धा बंद आहे, हातातले सिनेमे तेवढे पुरे करणार आणि मग दोन तोंडं दोन दिशांना. वहिनीला हे कसं सांगावं, या काळजीत मी दोन दिवस काढले. शेवटी सांगितलं. ती निवडत असलेली डाळ तशीच सुपात राहिली. मग तिच्या तोंडावर असा उजेड आला की मला भीतीच वाटली. "बोलत नाईत, तरी अशे पाह्यतात?" ती म्हणाली. "मंग तर आपल्याले लय आशा हाय, बाई!" बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, ते मी त्या दिवशी सुपापाशी पाहिलं.

त्याच आशेवर तिनं भाऊंना सिनेमाला न्यायचं ठरवलं. त्या दोघांचा नवा सिनेमा खेड्याच्या उद्धाराचा होता. लोक मिळून नदीला बांध घालतात, सावकार वठणीवर येतो वगैरे. काकांनी तो नागपुरात पाहून चांगला म्हटला होता. भाऊ तयार झाले, पण वेळ फुकट जायला नको म्हणून सूत कातायची टकळी सोबत घेऊन निघाले. टॉकीजात मांडीवर कापसाचे पेळू ठेवून अंधारात कातत बसलेला माणूस पुलगावानं त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नसावा. पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. भाऊंना त्याचं काही नव्हतं.

वहिनीनं त्या दिवशी 'त्या दोघां'कडे पाहिलंच नाही. कठड्याला हनुवटी टेकून ती भाऊंकडे बघत होती. पडद्यावर बांधाचं काम सुटलं, नायिका रिकामी घमेली घेऊन वळली, चालू लागली आणि नायक तिच्या पाठीकडे बघत राहिला. गाणं नव्हतं, बोलणं नव्हतं. वहिनीनं माझा दंड इतक्या जोरात धरला की बांगडी रुतली. "सूत तुटलं," ती कुजबुजली. "त्याइचं सूत तुटलं, बाई!" मी पाहिलं. टकळी भाऊंच्या पायाशी पडली होती. ती उचलायचं त्यांना भान नव्हतं, आणि पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा वर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी उपवास धरला. कारण विचारलं तर म्हणाले, "चित्त विचलित झालं. शुद्धी हवी." माझं काळीज चिरत गेलं. आणि वहिनी? ती आनंदानं वेडीपिशी झाली. "चळलं म्हणे! चळलं म्हणे व मन!" ती मागच्या दारी माझे हात धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घरात माणूस उपाशी आणि ही अंगणात रांगोळी काढते आहे, असं चित्र शेजारणींनी पाहिलं आणि तोंडाला पदर लावले. तिनं भाऊंच्या आवडीची सगळी तयारी करून ठेवली. उपवास सुटेल तेव्हा समोर आपणच असलो पाहिजे, एवढाच तिचा हट्ट होता.

उपवास सुटला तेव्हा समोर तीच होती. लिंबाच्या सरबताचा पेला तिनं पुढं केला. भाऊंनी तो घेतला, नजर जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "धन्यवाद, बहन."

आश्रमातल्या सगळ्या बायकांना ते बहन म्हणत. घरात मात्र हा शब्द कधी आला नव्हता. त्या शब्दापुढं वहिनी उभी राहिली ती मला अजून दिसते. तिचा हात पेला दिलेल्या जागीच हवेत राहिला होता. भाऊ पुढं सांगत होते की घर मोडायचं ठरलं आहे, त्यांचा मुक्काम यापुढं खेड्यांतच राहील, तिनं स्त्रियांच्या एखाद्या संस्थेत शिकायला जावं, ते सगळी व्यवस्था करतील. ती ऐकून घेऊन म्हणाली, "व्यवस्था नका करू. म्या माहेरी जातो." रात्री तिनं मला मिठी मारली आणि आवाज दाबून इतकं रडली की माझा पदर पिळून काढावा. "बहन म्हणे मले, बाई. लगन लावून आणलं अन् बहन म्हणे." आजही तो शब्द कुठं कानावर आला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

पुढं वहिनीनं आर्वीत शिवणकाम शिकवून आयुष्य काढलं. माझं लग्न झाल्यावर माझ्या घरी यायची, माझ्या मुलांचे कपडे शिवून द्यायची, पण सिनेमाला चल म्हटलं की सुईत दोरा ओवत बसायची. पडद्यावरचे ते दोघंही पुन्हा कधी एकत्र आले नाहीत. भाऊंनी चालून चालून तळपाय फाडून घेतले, लोकांनी त्यांना हार घातले. आता वहिनी आणि भाऊ दोघंही नाहीत. माझ्या मनात दोघं राहिलीत ती मात्र पुलगावच्या फलाटावरची.

आर्वीला जाणारी छोटी गाडी उभी होती. दुसऱ्यावर ओझं टाकायचं नाही या नियमानं भाऊंनी वहिनीची पेटी स्वतः डोक्यावरून आणली, डब्यात ठेवली आणि फलाटावरच्या कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिले. वहिनी त्यांच्या पाया पडली. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "सुखी राहा." ती उठली, पाठ फिरवली आणि गाडीकडे चालू लागली. सावकाश, फार सावकाश. मानेवरचा पदर जरा खाली होता. घरून निघतानाच तिनं मला सांगून ठेवलं होतं, "सांगजो मले. पाह्यलं तर म्या जात नाई."

मी तिच्या बाजूनं चालत होते. मी मागं वळून पाहिलं.

भाऊ बघत होते. पडद्यावर तो बघायचा तसेच, आणि त्याहून भयंकर, कारण हे करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ओठ उघडे, डोळे तिच्या मानेवर.

"पाहून राह्यले," मी म्हटलं. "वहिनी, देवाशपथ, पाहून राह्यले!"

ती थांबली. वळली नाही. वळलं की ती नजर खाली जाणार, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"अन् पाय?" तिनं विचारलं.

"काय?"

"पाय हालले काय त्याइचे?"

मी पुन्हा पाहिलं. त्या पायांनी अर्धा जिल्हा पालथा घातला होता, नदीनाले उन्हातान्हात तुडवले होते. आमच्यात आणि त्यांच्यात एका अंगणाएवढंही अंतर नव्हतं.

"नाई," मी म्हटलं.

वहिनीनं पदर सारखा केला आणि डब्याची दांडी धरली. "मंग चढू दे मले," ती म्हणाली, आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली. गाडी सुटली. ती गाडी इतकी हळू चालायची की बाजूनं पायी जाणारा माणूसही तिला सहज गाठायचा. दिसेनाशी व्हायला तिला पुष्कळ वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ भाऊ तिथंच उभे राहून बघत होते.