जहाजावरची गोळी

माझा नवरा जहाजावर. सुट्टीवर पूर्णगडला आला की चॉकलेटं, साबण आणि अँटिबायोटिक गोळ्यांच्या पट्ट्या, हे सामान ठरलेलं. वाडीत कुणाचं पोट बिघडलं की आमच्या दारात हाक यायची, "वैनी, जहाजावरची गोळी हाय काय?" मी ऐटीत कात्रीनं दोन गोळ्या कापून द्यायचे. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते, दुसरं काय.

घरात तर विचारूच नका. लेकीचं पोट जरा गुरगुरलं की गोळी. परीक्षा आली की गोळी, लग्नाला जायचं तर आदल्या दिवशीच गोळी. पेज करत बसायला वेळ कुणाला? सतराव्या वर्षी पोरीच्या अंगावर मांस उरलं नाही. जेवली की पोटात कळ, मग सारखी संडासाकडे धाव. शेवटी तिला रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या आणि आठवड्यानं रिपोर्ट ऐकायला आम्ही पुन्हा एसटीनं गेलो.

डॉक्टरांनी आतड्याचा फोटो पुढे सरकवला. ढोपर खरचटल्यावर दिसतं तसं लाल.

"हे आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होत असतं," ते म्हणाले. "त्याला लागणारा खुराक पोटातले चांगले जंतू तयार करतात, भाजीच्या, कडधान्याच्या चोथ्यातून. आजाराला इतरही कारणं असतील. पण ते जंतूच वरचेवर मारलेत, तर अस्तर भरून कसं येणार? गोळ्या कोण देत होतं?"

जंतू म्हणजे मारायचे, एवढंच मला ठाऊक. ते माझ्या लेकीला आतून सांधत होते आणि मी, तिची आई, त्यांच्याच जिवावर उठले होते. वाडीतली किती पोरं माझ्या हातच्या गोळ्या खाऊन गेली, ते आठवायचीही छाती होईना.

"मीच," मी म्हटलं. "पण महिना झाला, एकही दिली नाही."

हे अगदी खरं होतं. डॉक्टरांनी मान हलवून लिहायला घेतलं. लेकीनं पर्स उघडली आणि अर्धी रिकामी पट्टी टेबलावर ठेवली.

"आज सकाळी पण घेतली गो आई," ती म्हणाली. "इथं यायची भीती वाटत होती."