लांबच्या मावशीची ओटी

नितीन, लग्नानंतरचं पाचपरतावन आटोपून मी बोर्ली सोडली, तेव्हा तू मांडव सोडवायला घरी थांबलास. त्यामुळे म्हसळ्यात काय झालं ते तू पाहिलं नाहीस. आम्हाला माणगावला पुण्याच्या गाडीत बसवायला बाबा जीप घेऊन निघाले होते, आईही सोबत होती. म्हसळ्याच्या नाक्याजवळ बाबा थांबले, चहा पिऊ म्हणाले. चहा आलाच नाही. समोरच्या घरातून एक बाई नारळ, तांदूळ आणि खण घेऊन आली आणि माझी ओटी भरायला उभी राहिली.

ती कोण, हे तुला, मला, आईला, अख्ख्या बोर्लीला माहीत होतं. सुपारी पोचवायला गेलेले बाबा रात्री म्हसळ्यालाच का राहतात, हे आपल्याला शाळेतल्या पोरांनी हसत हसत सांगितलं होतं. माहीत नव्हतं ते एकट्या अमितला, माझ्या नव्या नवऱ्याला. मी पदर घट्ट धरून बसले, तशी पुढच्या सीटवरून आई मान न वळवता म्हणाली, "घे गो. ओटीला न्हाय म्हनू नये."

मी पदर पसरला. त्या कोण, असं अमितने विचारलं तेव्हा "लांबची मावशी" हे उत्तरही आईनंच दिलं. नवऱ्यानं दुसरं घर केलेलं चालतं, ओटी नाकारली तर अपशकुन! आजही आठवलं की डोकं फिरतं.

ताम्हिणी घाट ओलांडला की हे सगळं मागे राहील असं वाटलं होतं. कसलं काय! वाकडचा फ्लॅट, लिफ्ट, दोघांच्या नोकऱ्या, सगळं नवं. आणि त्यात मी सतत बाबांना शोधत बसलेली. अमितला उशीर झाला की फोन, फोन उचलला नाही की त्याच्या मित्राला फोन. मग मोबाईलवर त्याचं लाइव्ह लोकेशन घेतलं. आई कधी काही विचारायची नाही, म्हणून मी दोघींच्या वाटचं विचारत होते. बिचाऱ्यानं काहीही केलेलं नव्हतं.

परवा त्याचा ठिपका एका मॉलच्या पार्किंगमध्ये हलेचना. मी रिक्षा करून गेले. मनात म्हसळ्याचं ते घरच उभं होतं. पाहते तर हा गाडीत एकटा बसून वडापाव खातोय. मला बघून दचकलासुद्धा नाही. म्हणाला, "घरी आलो की जबाब द्यावा लागतो. म्हणून रोज थोडा वेळ इथे बसतो. मला आता खरंच कंटाळा आलाय."

चिडून, ओरडून बोलला असता तर मी भांडले असते. पण तो थकून बोलला, आणि हा माणूस आता जाणार, हे मला स्वच्छ कळलं. मी शेजारच्या सीटवर बसले आणि त्याला म्हसळ्याची मावशी कोण ते सांगितलं. सगळं, शाळेतल्या पोरांसकट. ऐकून त्यानं उरलेला वडापाव माझ्या हातात दिला.

लोकेशन मी बंद केलं. काल त्याला उशीर झाला, तेव्हा जीभ दाताखाली धरून बसले. तो आल्यावर तोंडातून निघालं, "हातपाय धू, पान वाढते." बाबा म्हसळ्याहून आले की आई म्हणायची तेच वाक्य, आईच्याच आवाजात. माझा मलाच असा राग आला म्हणून सांगू! पण अमित चप्पल काढता काढता म्हणाला, "पार्किंगमध्ये नव्हतो आज. ऑफिसातच अडकलो." मी विचारलं नव्हतं. मला रडू आलं.

आता तुझं. रुपाली माहेरी श्रीवर्धनला जाऊन बसली आहे, कारण तू कुठे होतास या प्रश्नावर तू बाबांसारखा भिंतीकडे बघतोस. तू तुझ्या बोटीच्या इंजिनाशी खटपट करत होतास, हे मला कळतं, अख्ख्या बंदराला कळतं, आणि बायकोला सांगायला तुझी जीभ झडते! बाबांकडे लपवायला काहीतरी होतं रे. तुझ्याकडे तर तेही नाही.

आपल्या घरात छप्पर होतं, सुपारीची बाग होती, तरी बाबा कुठे आहेत हे त्यांनी स्वतःहून एकदाही सांगितलं नाही. मला आता घर म्हणजे तेवढंच हवंय. तू उद्या श्रीवर्धनला जा. तिनं विचारायच्या आत सांग.