श्रीकांतच्या उंचीची सायकल

"नवरा किती उंच आहे?" सायकलवाल्या पर्किन्सनं विचारलं, तेव्हा मधुमतीनं क्षणाचाही विचार केला नाही. हात डोक्याच्या वर चांगला वीतभर नेला आणि म्हणाली, "एवढा."

पर्किन्सनं तिच्या हाताकडे पाहिलं, पाना लावून सीट वर ओढली आणि घट्ट केली. मधुमतीनं पर्समधून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि सीटचा दांडा जिथं नळीत शिरतो तिथं एक बारीक रेघ मारली. उद्या कुणी सीट हलवली तरी नवऱ्याची उंची हरवायला नको. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. त्यातले पाच नवरा सांगलीत आणि ही इंग्लंडातल्या स्लाऊमध्ये. एवढ्या सोहळ्याला पर्किन्स हसला असेल, तर दुकानाच्या मागे जाऊन हसला.

मधुमती स्लाऊचीच. वडील तरुणपणी इथल्या कारखान्यात आले, घर घेतलं, मुलीला शिकवलं आणि पेन्शन हातात पडायच्या आधीच गेले. घरात आता ती आणि आई यमुनाबाई. ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका गोदामाच्या ऑफिसात तिची नोकरी होती. मराठी बोलायची, पण तो-ती-ते या भानगडीत अंदाजपंचे. १९८७च्या डिसेंबरात आईबरोबर सांगलीला गेली, स्थळं पाहिली आणि श्रीकांतला हो म्हणून मोकळी झाली. तो पॉलिटेक्निकमध्ये लॅब असिस्टंट होता. पगार बेताचा, बोलणंही बेताचंच. त्यालाच का हो म्हणालीस, असं मैत्रीण शिल्पानं परत आल्यावर विचारलं, तर हिला धड सांगता येईना. खरं कारण सायकल होती.

काय ती सायकल! काळीभोर, आरशासारखी पुसलेली. चेनला पूर्ण कव्हर, पुढं डायनॅमोचा दिवा, मागं दोन पायांचं दणकट स्टँड, दोन्ही चाकांच्या हबवर रंगीत लोकरीची कडी. चाक फिरलं की कडी आपोआप हब पुसत राहायची. आणि मागच्या कॅरियरवर, खास लंडनची पाहुणी बसणार म्हणून, नवी कोरी उशी. (स्लाऊ म्हणजे लंडन नव्हे, हे सांगलीत कुणाला पटवून देता आलं नाही.) लग्न झालं आणि मग महिनाभर रोज संध्याकाळी तो तिला डबलसीट घेऊन आयर्विन पुलावरून सांगलवाडीला न्यायचा. ती एका बाजूला पाय सोडून बसायची, एका हातानं त्याचा शर्ट धरायची आणि दुसऱ्या हातानं मांडीवरच्या पुडीतलं भडंग खायची. तो फारसं बोलायचा नाही. पूल संपताना मात्र न चुकता विचारायचा, "नीट बसलीस ना?" एवढं एकच वाक्य, पण ते ऐकायला ती दिवसभर संध्याकाळची वाट पाहायची.

ती परतली आणि श्रीकांत व्हिसाच्या रांगेत उभा राहिला. त्या काळी तिकडे अशी गंमत होती, की बायकोकडे येऊ पाहणाऱ्या नवऱ्यानं सिद्ध करायचं: लग्न बायकोसाठी केलंय, इंग्लंडसाठी नव्हे. आता हे माणसानं कसं सिद्ध करावं? छाती फाडून दाखवायची सोय सगळ्यांनाच नसते.

दर रविवारी ती सांगलीला फोन करायची. फोन होता श्रीकांतच्या शेजारी, वीणाकाकूंकडे. काकूंच्या बैठकीच्या खोलीत काका पेपर वाचत, काकू भाजी निवडत, आणि मधे उभा श्रीकांत, रिसिव्हर कानाला. बायकोशी बोलणार काय, कपाळ? तुझी आठवण येते, असं म्हणायची तर सोयच नव्हती. एकदा तिनंच विषय काढला.

"अरे, इथं बस खूप अनरिलायेबल आहे. तू आलास ना, की तुला सायकलच लागेल. मी घेऊन ठेवू?"

यमुनाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगं, अहो म्हण त्यांना!" पण पलीकडे श्रीकांतचा आवाज एकदम मोकळा झाला होता. सायकलीबद्दल बोलायला काकाकाकूंची आडकाठी नव्हती.

तेव्हापासून दोघं सायकलीवरच बोलू लागले. आठवडाभर मधुमती पर्किन्सच्या मागे लागायची आणि रविवारी हिशेब द्यायची. स्टँड दोनच पायांचं हवं, असं म्हटल्यावर पर्किन्स म्हणाला, आमच्याकडे सायकल भिंतीला टेकवतात. ही म्हणाली, आमच्याकडे नाही टेकवत. चेनचं कव्हर त्यानं कुठल्याशा जुन्या भंगारातून काढून दिलं. डायनॅमो बसला. लोकरीची कडी यमुनाबाईंनी विणली, लाल आणि पिवळी. शेवटी कॅरियर आलं, आणि त्यावर मधुमतीनं स्वतः शिवलेली, निळ्या कापडाची उशी.

"रस्त्यावर दोघांनी बसायला बंदी आहे, पोलीस पकडेल," पर्किन्स म्हणाला.

"मी कुठं म्हटलं कुणी बसणार आहे?" मधुमती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

त्या रविवारी श्रीकांतनं विचारलं, "कॅरियर बसवलं?"

"बसवलं."

"मजबूत आहे ना?"

"मी बसून बघितलं. उशी पण सॉफ्ट आहे."

मग तो हळूच म्हणाला, "नीट बसलीस ना?" मधुमतीला हुंदका आवरेना. वीणाकाकूंना वाटलं, लाइन कट झाली.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत मुंबईला श्रीकांतची मुलाखत झाली. समोरच्या साहेबानं विचारलं, तिकडे जाऊन काय करणार? आता हा सरळमार्गी सांगलीकर. अभिमानानं म्हणाला, "साहेब, कामाचा प्रश्नच नाही. कामाला जायला बायकोनं सायकलसुद्धा तयार ठेवली आहे." आणि स्टँडपासून डायनॅमोपर्यंत सगळं सांगितलं. साहेबानं त्यातलं एकच ऐकलं: कामाला जायला. म्हणजे हा बायकोकडे नव्हे, नोकरीकडे निघालाय. व्हिसा नाकारला.

हे फोनवर ऐकलं त्या दिवशी मधुमतीनं सायकल मागच्या शेडमध्ये ढकलली आणि वर जुनी चादर टाकली. जिच्यावर एवढा जीव लावला तिनंच दावा साधला होता. त्यानंतरचे रविवार फार वाईट गेले. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "बरा आहे." संपलं. सायकल नाही म्हटल्यावर बोलायला काहीच उरलं नव्हतं. नवरा आपल्याला परका होत चाललाय की काय, अशी भीती तिला पहिल्यांदा वाटली, आणि ती भीती आईलाही सांगता येईना.

वकिलानं अपील केलं. एकदा सांगलीला जाऊन ये, असंही सुचवलं. पण ती तिकीट काढणार तोच यमुनाबाई बर्फावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. दुपारी आईला औषध द्यायला घरी यावं लागे, आणि बस तर कधीच वेळेवर नाही. शेवटी नाइलाजानं मधुमतीनं सायकलीवरची चादर काढली. सीट स्वतःला जमेल इतकी खाली घेतली. लाल रेघ नळीच्या आत गेली, दिसेनाशी झाली. तेव्हा तिला इतकं वाईट वाटलं, की जणू त्याला ढकलून आपण त्याच्या जागी बसलोय.

पण सायकल रोज चालू लागली. थंडीत, वाऱ्यात, त्या कधीही येणाऱ्या चिरचिऱ्या पावसात. पावसाची चिन्हं दिसली की ती उशी काढून पिशवीत टाकायची. बाकी अंग भिजलं तरी चालेल, उशी भिजता कामा नये. ऑफिसातले विचारायचे, मागं कोण बसतं? ती हसून सोडून द्यायची. इस्टेटच्या सरळ रस्त्यावर कधीकधी मागं खरंच कुणी बसलंय असं वाटायचं, आणि मग वाटायचं, छे, चुकलंच. मागं तर मी बसायचं ना. तू पुढं हवास. तुझ्या पाठीनं हा वारा अडवायला हवा. अशी ती मनातल्या मनात त्याच्याशी भांडत कामाला जायची आणि भांडतच परत यायची. रविवारी आता सांगायला पुन्हा काहीतरी असायचं: आज चेन पडली, आज दिवा गेला, आज माझा सायकल पंक्चर झाला.

"माझी," तो म्हणायचा.

"हो बाबा, तुझीच," ती म्हणायची.

अपिलाची सुनावणी लंडनमध्ये होती. सरकारी बाजूच्या माणसानं तीच सायकल पुन्हा काढली. अर्जदारानं स्वतःच कबूल केलंय, की कामावर जायचं वाहन तयार आहे. मधुमतीला वकिलानं काय काय पढवलं होतं, ते सगळं ती त्या क्षणी विसरली. सकाळी आभाळ भरलं होतं म्हणून स्टेशनवर सायकल लावताना तिनं उशी काढून पिशवीत टाकली होती. ती तिनं बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही त्या सायकलच्या मागची उशी," ती म्हणाली. "मी शिवलीय. एकट्यानं कामाला जाणाऱ्या माणसाला मागं उशी कशाला लागते, ते मला सांगा."

निकाल देणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा वर करून उशी पाहिली. "रस्त्यावर दोघांनी बसणं बेकायदा आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. घरामागच्या गल्लीत बसू."

अपील मान्य झालं. उशीमुळे की आणखी कशामुळे, देव जाणे.

१९९०च्या जूनमध्ये श्रीकांत आला. आदल्या दिवशी मधुमतीनं सायकल धुतली, चेनला तेल दिलं आणि सीट वर ओढून लाल रेघेवर आणून ठेवली. विमानतळावर तो ट्रॉली ढकलत समोर आला तेव्हा त्याला शोधणारी तिची नजर आधी त्याच्या डोक्यावरून पुढं गेली. हा एवढासा? मग तिनं स्वतःला समजावलं, गर्दी आहे, सामान फार आहे.

घरी यमुनाबाईंनी काठी टेकत दारात येऊन भाकरतुकडा ओवाळून टाकला. चहा पुढं आला. पण श्रीकांत म्हणाला, "आधी सायकल." गल्लीत ती स्टँडवर उभी होती. त्यानं कव्हरवरून, लोकरीच्या कड्यांवरून हात फिरवला, डायनॅमो दाबून पाहिला, आणि टांग टाकून वर बसला.

पाय खालीच पोचेनात. पॅडल राहिलं बाजूला, दोन्ही पाय हवेत लोंबत होते. स्टँड होतं म्हणून पडला नाही. तो खाली पाहत राहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"मधू," तो म्हणाला, "कुणासाठी केलीस गं ही?"

हसत म्हणाला, पण ते हसू पुरतं नव्हतं. अडीच वर्षं मधुमती ज्याची वाट पाहत होती तो माणूस हा नव्हता. तो कधी नव्हताच. लग्नाच्या फोटोत तो फेटा बांधून खुर्चीत बसलेला होता. आणि उरलेला सगळा महिना...

"मी मागं बसायचे ना," ती म्हणाली. "खाली. तिथून तू एवढा दिसायचास. मी खोटं नाही बोलले, श्रीकांत. एवढाच दिसायचास."

तो उतरला, शेडमधला पाना आणला आणि सीट खाली करू लागला. लाल रेघ नळीत गेली. अजून थोडी. अजून. रोजच्या वापरानं दांड्यावर एक कडं घासून चकचकीत झालं होतं, तिथं येऊन सीट थांबली. तो बसला आणि त्याचे पाय अलगद पॅडलवर आले. ती मधुमतीची स्वतःची उंची होती. थंडीपावसात ती रोज त्याच्याच उंचीवर बसून कामाला जात होती.

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. श्रीकांतनं सायकल स्टँडवरून उतरवली, एक पाय जमिनीला टेकला आणि मान मागं वळवून म्हणाला, "बस."

ती निळ्या उशीवर एका बाजूला पाय सोडून बसली. हातानं त्याचा शर्ट धरला.

"नीट बसलीस ना?"

तिनं मान वर करून पाहिलं. तो अगदी तेवढाच उंच होता.