तेवीस किलोंच्या दोन बॅगा आणि एक पाचर

आधी त्यांचं सांगतो, मग माझं. त्या म्हणजे आमच्या इमारतीत माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे, आवाज करडा. चौदाव्या-पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागल्या आणि पुढे सव्वीस वर्षं विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात खोल्या साफ केल्या. मनात मी त्यांना काकू म्हणतो. तोंडावर मात्र 'फ्राउ', म्हणजे श्रीमती, आणि पुढे आडनाव, इथे तसंच म्हणायचं असतं. भाचीच्या खोलीचं जे चांगलं झालं ते त्यांच्यामुळे, आणि जे बिघडत होतं ते मी त्यांचं अर्धंच ऐकलं म्हणून.

मी जर्मनीत, त्सुफेनहाउझेनमधल्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये आचारी आहे. वडील आजारी पडले तेव्हा नववीत शाळा सोडली आणि हायवेवरच्या ढाब्यावर तंदूर धरला. तिथून कराड, मग पुणे, मग इथे. आता सात वर्षं होतील. रविवारी आपली मराठी इंजिनिअर मंडळी बायकामुलांना घेऊन जेवायला येतात. माझं मराठी कानावर पडलं की किचनच्या खिडकीतून डोकावतात, कुठले तुम्ही, म्हणून आपुलकीने विचारतात. पुढचा प्रश्न शिक्षणाचा येईल म्हणून मी लगेच कढईकडे वळतो. माणसं चांगली आहेत, भीती माझीच आहे.

बाईंची ओळख झाली ती जिन्यामुळे. इथे जिन्याची सफाई भाडेकरूंनी आळीपाळीने करायची असते, आणि ज्याचा आठवडा असेल त्याच्या दाराला एक पाटी अडकवतात. माझी पहिली पाळी आली तेव्हा गावाकडे ओटा धुतात तसं मी बादलीभर पाणी वरून सोडून दिलं. जिना लाकडाचा. पाणी थेट बाईंच्या दारात. त्या ओल्या सपातांत बाहेर येऊन उभ्या राहिल्या. आता पोलीस येणार, व्हिसा जाणार, इथपर्यंत माझी मजल गेली. त्या आत गेल्या, फडकं आणलं आणि अर्धा जिना स्वतः पुसून दाखवला. पाणी थोडं, पीळ घट्ट. मग फडकं माझ्या हातात दिलं. तेव्हापासून सरकारी पत्र आलं की मी ते घेऊन खाली त्यांच्याकडे जातो. त्या चष्मा लावून वाचतात आणि बहुतेक वेळा एवढंच म्हणतात, की यात घाबरण्यासारखं काही नाही.

तर गेल्या वर्षी बहिणीच्या मुलीला इथल्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला. वसतिगृहात खोलीही मिळाली. आमच्या घरात वसतिगृहात राहणारी ती पहिलीच. बहिणीने व्हिडिओ कॉल केला. मागे पलंगावर दोन उघड्या बॅगा. "दादा, तू तिथंच आहेस," ती म्हणाली. "काय काय भरायचं ते तूच सांग. तू म्हणशील ते."

तू म्हणशील ते. या तीन शब्दांनी माझी झोप उडाली. बॅगा दोन, प्रत्येकी तेवीस किलो, आणि सांगणारा मी, ज्याने कॉलेजची पायरीसुद्धा चढलेली नाही. माझ्या सांगण्यात चूक झाली तर पोरीचं चारचौघांत हसं होणार.

तरी यादी केली. कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, रजई, उशी, इस्त्री, बादली-मग. ती घेऊन खाली गेलो आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये एकेक वस्तू सांगितली. बादलीपाशी बाईंनी हात वर केला. मुलगी शिकायला येते आहे की हॉटेल काढायला, असं विचारलं. मग खुर्ची ओढून बसल्या.

"खोल्या रिकाम्या झाल्यावर मी आत जात असे," त्या म्हणाल्या. "कोण काय घेऊन आला ते मला माहीत नाही. कोण काय न वापरता टाकून गेला, ते मला विचारा."

आणि मग जे सांगत गेल्या ते मी आ वासून ऐकत राहिलो. कुठल्या कॉलेजात असं शिकवत असतील असं वाटत नाही. इस्त्र्या खोक्यासकट मागे राहतात. रजई-उशी इथे आल्यावर घ्यायची, कारण इथली उशी मोठी चौकोनी, घरचे अभ्रे तिला बसत नाहीत. न्यायचं काय, तर कॉरिडॉरमध्ये घालायला सपाता, न्हाणीघरातून खोलीपर्यंत यायला लांब गाऊन, चारपाच प्लगचा बोर्ड, एक बरी सुरी. सर्टिफिकिटं हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत कधीच नाहीत. खाण्याचं मात्र एका आठवड्यापुरतंच. ज्यांच्या कपाटात घरचं खाणं सगळ्यात जास्त, ती मुलं त्यांना स्वयंपाकघरात सगळ्यात कमी दिसायची.

शेवटी त्यांनी खणातून लाकडाची एक पाचर काढली. तळहाताएवढी, कडा झिजून गोल झालेल्या. वसतिगृहाची दारं आपोआप लागतात. पहिले दोन आठवडे मुलगी खोलीत असेल तेव्हा तिने ही दाराखाली सारून ठेवायची. दार उघडं दिसलं की जाणारा-येणारा हॅलो म्हणतो. बंद दाराला कोणी म्हणत नाही.

बहिणीला मी बादली, रजई, इस्त्री नको म्हणून सांगितलं. खाण्यापाशी माझी जीभ अडली. एवढ्या लांब लेक निघालेली, त्या आईला डबे भरू नकोस म्हणून कसं सांगायचं? आणि पाचर मी माझ्याच किचनच्या खणात टाकली. पोरगी इंजिनिअर. तिला विमानतळावर काय लाकडाचा तुकडा द्यायचा? मामाची अक्कल इथपर्यंतच, असं वाटेल तिला.

भाची आली. एका बॅगेत कपडे, दुसरीत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, पोहे आणि चिवडा-चकल्यांचे डबे. सोमवारी आमचं रेस्टॉरंट बंद असतं, म्हणून दर सोमवारी मीही एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, आठवड्याची भाजी-पोळी पोचवायला लागलो. पोरीला काही कमी पडू देत नाही म्हणून स्वतःवरच खूश होतो.

चौथ्या आठवड्यात तिचा फोन आला. नीट बोलेना. मग म्हणाली, "मामा, दिवाळीला मी घरी जाते. परत यायचं का ते मग बघू. आईला तू सांग."

वडील आजारी होते तेव्हा मीही गुरुजींना तेच म्हणालो होतो. मग बघू. ते बघणं कधी आलंच नाही. हिचंही तसंच झालं असतं, आणि मी इथे दोन स्टेशनं पलीकडे डबे भरत बसलो असतो.

खाली गेलो. बाईंनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, मुलगी जेवते कुठे? ते मी कधी बघितलंच नव्हतं. मी दारात डबा द्यायचो, ती गोड हसायची, मी निघायचो. मग त्यांनी पाचरीचं विचारलं. मी जमिनीकडे बघायला लागलो.

"नाही दिलीत," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "या सोमवारी डबा नेऊ नका. पातेलं न्या. मोठं."

सोमवारी मोठं पातेलं पिशवीत घालून गेलो, पाचर खिशात. दार वाजवल्यावर प्रथमच आत गेलो. भाची पलंगावर, मांडीवर लॅपटॉप, शेजारी माझाच डबा, तीन-चार घास उरलेले. म्हटलं, चल, तुमचं स्वयंपाकघर दाखव. तिच्या खोलीचा नंबर लिहिलेलं कपाट उघडलं तर आत काही नव्हतं. एक चमचासुद्धा नाही.

तिच्या बॅगेतले सगळे पोहे काढले. कांदा तिने चिरला. स्वयंपाकघराचं दारही आपोआप लागणारं, तेव्हा मी खिशातून पाचर काढली आणि दाराखाली सारली. छतावर धुराचा अलार्म लाल डोळा मिचकावत होता, म्हणून फोडणीवर लगेच झाकण ठेवलं. तरी वास जायचा तिथे गेलाच. पहिल्यांदा समोरच्या खोलीतली एक उंच मुलगी आली, हातात रिकामा बाउल घेऊनच. भाचीशी काहीतरी भराभर बोलली आणि दोघी हसल्या. मी भाचीला विचारलं, काय म्हणते?

"तिला वाटत होतं माझी खोली अजून रिकामीच आहे," भाची म्हणाली.

तोवर आणखी तिघं आली. पोहे पिवळे कशाने, अंडं आहे का, असं कुणीतरी विचारत होतं. भाची हळदीचं सांगत होती, कधी इंग्रजीत, कधी अडखळत्या जर्मनमध्ये. मी भिंतीला टेकून बसलो. त्यातलं मला फारसं कळलं नाही, आणि तरी इतकं बरं फार दिवसांत वाटलं नव्हतं.

भांडी घासताना तिला पाचरीची सगळी गोष्ट सांगितली.

"म्हणजे हे तू इतके दिवस ठेवून घेतलंस?"

"तू हसशील असं वाटलं."

"हसलेच असते," ती म्हणाली. "पण लावली असती रे मामा."

पुढच्या आठवड्यात तिचा निरोप आला. सोमवारी डबा नको, मजल्यावर सगळे मिळून करणार आहेत, पातेलं मात्र राहू दे. वाचून जरा लागलं, खोटं कशाला बोलू? आणि मग किचनमध्ये उभ्या उभ्या एकटाच हसलो. दिवाळीला ती गेली नाही. बहीण थोडी रुसली, पण लेकीने मजल्यावर चकल्या वाटल्याचे फोटो पाठवल्यावर तिने ते अख्ख्या भावकीला दाखवले.

बाईंना जाऊन सांगितलं. त्या "गेनाऊ" म्हणाल्या, बरोबर आहे अशा अर्थाने मान हलवली, आणि या आठवड्याची पाटी माझ्या दाराला आहे याची आठवण करून दिली.

हल्ली त्यांच्या पाळीचा जिनाही मीच पुसतो. त्यांना ते आवडत नाही, म्हणून त्या कठडा तरी पुसत उभ्या राहतात. परवा कठडा पुसतानाच म्हणाल्या, "एक दिवस मलाही वृद्धाश्रमात अशीच खोली मिळेल. एक पलंग, एक कपाट. तेव्हा काय काय न्यायचं ते तुम्ही सांगा मला." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून निर्धास्त लिहून ठेवतो. काकू, तो दिवस येईल तेव्हा तुमची बॅग मी भरणार. तुम्ही नको म्हणाल ते एकही भरणार नाही. पाचर भाचीकडून मागून आणीन आणि तुमच्या नव्या दाराखाली माझ्या हाताने सारीन. आणि सोमवारी येईन ते पातेलं घेऊन येईन, मोठं, तुमच्या सगळ्या मजल्याला पुरेल एवढं.